अक्षरावर पैसे

गेली तीस वर्षं दगडावर नावं कोरतोय. कोनशिला, देणगीदारांच्या फरश्या, समाधीचे दगड. हिशोब अक्षरावर. गिऱ्हाईक 'कैलासवासी' लिहून आणतं, दर ऐकला की 'कै.'वर येतं. त्यामुळं कुठंही दगड दिसला की माझं बोट आधी अक्षराच्या खाचेत जातं. घरची मंडळी वैतागतात.

पोरगी मेरीलँडला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा जावई म्हणाले, "मामा, चला, तुमच्या कामाची जागा दाखवतो." घेऊन गेले गेटिसबर्गला. १८६३ च्या जुलैत पहिले तीन दिवस तिथं लढाई झाली, अमेरिकेच्या यादवीतली, उत्तर विरुद्ध दक्षिण. भाऊबंदकीचं आपल्याला नवल नाही. १७०७ ला खेडला शाहू महाराज आणि ताराराणींच्या फौजा भिडल्या, आणि सातारा-करवीरच्या हद्दी ठरायला १७३१ चा वारणेचा तह उजाडला.

लढाई झाली तशी माणसं पडली तिथंच शेतात पुरली. डोक्याशी फळी, फळीवर पेन्सिलीनं नाव. पावसात पेन्सिल किती टिकणार? म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तरेच्या सैनिकांना उकरून एका जागी आणायचं काम निघालं. टेंडर काढलं! सगळ्यात कमी बोली एका देहामागं १.५९ डॉलर. खणायचं काम बेसिल बिग्ज नावाच्या काळ्या शेतकऱ्याच्या टोळीनं केलं. सॅम्युअल वीव्हर शेजारी उभा राहून लोखंडी आकड्यानं खिसे तपासायचा, चिठ्ठीचपाटीवरनं नाव लागतंय का बघायचा. गणवेश दक्षिणेचा निघाला की खड्डा परत बुजवायचा. दक्षिणेचे तीन हजारांवर सैनिक पुढं १८७१ ते १८७३ मध्ये त्यांच्या त्यांच्या मुलखात नेले. तोवर ते परक्याच्या शेतात.

स्मशानभूमीत राज्यवार अर्धगोलात ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसवल्यात, जमिनीलगत. पट्टीवर ओळीनं नावं. अधिकारी असो की शिपाई, उंची तीच. कडेला संगमरवराचे चौकोनी ठोकळे, आपल्याकडच्या हद्दीच्या दगडाएवढे, वर फक्त नंबर. ज्यांचं नाव लागलं नाही ते हे, ९७९ जण. एका ठोकळ्यापाशी उकिडवा बसून नंबरात बोट घातलं. संगमरवर पावसानं खाल्लाय, आकड्याची कड बोथट झालीय. ग्रॅनाइट मात्र ताजा. मी गिऱ्हाइकांना हेच सांगत असतो, पण संगमरवर पांढरा दिसतो ना!

परत आल्यावर एका रविवारी बीडला गेलो, आपल्या करवीर तालुक्यातल्या. तिथं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, ढिगानं आहेत. आधीही बघितले होते, पण उभ्या उभ्या. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा वीराला वर नेतात, सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य. मी ज्याच्यापुढं बसलो त्याच्यावर अक्षर एकही नाही, नंबरसुद्धा नाही. पण गडी कसा पडला ते दिसतं: ढाल डाव्या हातात, तलवार उगारलेली, पायाखाली एक आडवा.

उजव्या कोपऱ्यात घोडा आहे. त्याचा मागचा पाय अर्धाच. तुटलेला नाही, मी बोट फिरवून बघितलं. जागाच संपलीय. पुढनं ऐसपैस सुरुवात केली आणि चौकट आडवी आली. माझंही होतं असं. शेवटचं अक्षर अंग चोरून बसवावं लागतं.