लेस्टरची नर्सरी, मिरजेजवळची अंगणवाडी आणि पाच बुट्ट्या

लेस्टरला मी ज्या नर्सरीत काम करते, तिथल्या सर्वांत लहान मुलांच्या खोलीत खेळण्यांचं कपाट नाही. जमिनीलगत एक बुटकी फळी आहे आणि तिच्यावर वेताची टोपली. टोपलीत लाकडी चमचा, चहाची गाळणी, अंडं फेटायचं तारेचं फेटणं, पितळेची घंटी, लोकरीचा गुंडा, मोठा शिंपला, कातडी पाकीट, कोरा दाढीचा ब्रश. मिरजेला घरच्यांना व्हिडिओ कॉलवर ही खोली दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एवढी फी घेतात, मग खेळणी कुठायत?"

हीच खेळणी. इंग्लंडमध्ये या टोपलीला 'ट्रेझर बास्केट' म्हणतात. एलिनॉर गोल्डश्मीड (१९१०–२००९) या बालशिक्षणात काम केलेल्या बाईंनी ती रूढ केली. बसता येतं पण अजून चालता येत नाही, अशा बाळासाठी ही टोपली. या वयात मूल हाताइतकंच तोंडानं शिकतं. प्लॅस्टिकची दहा खेळणी त्याच्यापुढे टाकली तरी दहाही जवळपास सारख्याच वजनाची, सारख्याच चवीची, सारखीच गुळगुळीत. स्टीलची वाटी मात्र गार लागते, लाकूड गार लागत नाही, ब्रश गालाला टोचतो, घंटी वाजते. मोठ्या माणसानं शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. "हे बघ, असं वाजव" असंसुद्धा म्हणायचं नाही. मला इथे सगळ्यात जड गेलं ते हे गप्प बसणं, आणि आज सगळ्यात जास्त विश्वास आहे तोही त्याच्यावरच.

मूल जरा मोठं झालं की टोपलीची जागा डबे, साखळ्या, नळ्या, झाकणं घेतात. आमच्याकडच्या दीड वर्षाच्या एका मुलीचं काम सांगते. काम हाच शब्द योग्य आहे. तिच्यापुढे पत्र्याचा एक गोल डबा होता, कडा घासून बोथट केलेला, प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडलेलं, आणि वीतभर साखळी. आधी तिनं झाकण काढून साखळी आत टाकली. खळ्ळकन आवाज आला. डबा उलटा केला, साखळी बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग मी झाकण लावून दिलं. आता ती साखळीचं टोक भोकाशी नेऊ लागली. टोक सारखं वाकायचं, निसटायचं. तिनं धरायची जागा बदलली, अगदी टोकाशी चिमटीत धरलं आणि एकेक कडी आत ढकलू लागली. अर्ध्याच्या वर साखळी गेल्यावर उरलेली आपल्याच वजनानं सर्रकन आत घसरली. ती दचकली, स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं आणि भोकाला डोळा लावला. हे सगळं होईपर्यंत तिनं एकदाही मान वर करून आमच्याकडे पाहिलं नाही. चिमूट, नजर आणि हाताचा मेळ, वजन, आत-बाहेर, 'दिसत नाही पण आहे' ही जाणीव, एवढं सगळं एका डब्यात आणि वीतभर साखळीत होतं.

इथं घराघरातून येणारं सामानही ठरलेलं. दुधाच्या बाटल्यांची जुनी रंगीत झाकणं तर खूपच कामाची, कारण साय न काढलेल्या दुधाला निळं, अर्धी काढलेल्याला हिरवं आणि बिनसायीच्या दुधाला लाल झाकण असायचं. रंग वेगळे करायचा खेळ आयताच तयार. शिवाय किचन रोलच्या नळ्या, पुठ्ठ्याचे खोके, कपड्यांचे चिमटे. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकारानं १९७१ साली एका लेखात म्हटलं होतं की, भोवताली हलवता-जोडता-मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी कल्पकतेला जागा जास्त. इथल्या बालशिक्षणात हा विचार आता मुरलाय. दुकानदारांनीही तो उचललाय. लाकडी वाट्या आणि रिंगांचे संच कॅटलॉगमधून महागड्या किमतीला विकले जातात, नर्सऱ्या घेतातही. मला ते पटत नाही. आपल्या मांडणीवरच्या वाटीत काय कमी आहे?

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानानं सांगते. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिथं परदेशी साधनांचे संच परवडणारे नव्हते आणि मुलांच्या ओळखीचेही नव्हते. मग खडे, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य झालं. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत त्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे. पण अंगणात जे आहे त्यातून शिकवायचं, हा विचार त्याच्या आधीचा आहे.

माझी वहिनी मिरज तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. यंदा सुट्टीत आले तेव्हा आम्ही दोघींनी बसून तिच्या वर्गासाठी सामान जमवलं. इथलं सगळं मी तिला भरभरून सांगत होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडं एका बाईला आठ पोरं. माझ्याकडं पंचवीस. मदतनीस खिचडीला लागलेली. एक बुट्टी मधी ठिवली तर मारामारी हुईल बघा."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं (२०२३ पर्यंत चार मुलांमागे एक होतं), तीन वर्षांच्या पुढे साधारण आठामागे एक. तिथली पद्धत जशीच्या तशी अंगणवाडीत उचलून ठेवता येत नाही. मग वहिनीनंच तोड काढली : एक बुट्टी नको, पाच करू, आणि पाचही बुट्ट्यांत अगदी तेच सामान. दुसऱ्याच्या बुट्टीत वेगळं काही नसलं की ओढाओढी उरत नाही. ही गोष्ट मी लेस्टरला परत आल्यावर आमच्या खोलीतही सुरू केली आहे.

सामान विकत काही आणलं नाही. माळ्यावर पोचे आलेल्या वाट्या होत्या, जुनी पळी, रवी, चहाच्या गाळण्या, घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या करवंट्या, शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साडीचे काठ. तासगावकडून बेदाण्याचे पुठ्ठ्याचे खोके मिळाले. तो पुठ्ठा जाड असतो, पोरांनी वर्षभर हाताळला तरी टिकतो.

सर्वांत भाव खाल्ला तो सोऱ्याच्या चकत्यांनी. शेवेची, चकलीची, पापडीची, प्रत्येकीची भोकं वेगळी. उन्हात धरली की फरशीवर तशीच नक्षी पडते. एका पोरानं शेवेची चकती हळूहळू जमिनीपासून वर नेली, ठिपके पुसट व्हायला लागले, परत खाली आणली, ठिपके ठसठशीत. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मग सोऱ्यात माती भरून दाबायला दिली. दोन्ही हातांचा जोर लावल्याशिवाय एक दोरा बाहेर येत नाही. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत आणि मनगटात जी ताकद यायला हवी, ती अशी येते. रेघोट्या गिरवून येत नाही.

माती कुंभाराकडची आणली, बेंदराचे बैल करतात तीच. इंग्लंडमध्ये कणीक आणि मीठ मळून रंगीत गोळा करतात, पण धान्य खेळायला द्यायला वहिनीचा ठाम नकार होता. धान्याला पाय लागलेला तिला चालत नाही. तिचं बरोबर आहे. घरात खायला पुरत नाही अशी कुटुंबं तिकडेही आहेत, म्हणून तिकडच्या काही नर्सऱ्यांनीही तांदूळ-पास्त्याशी खेळणं बंद केलंय. ओतायला-मोजायला आम्ही धुऊन वाळवलेली वाळू घेतली.

आकड्यांसाठी एकच साधन केलं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा आडवा तुकडा, त्यावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी, आणि बाटल्यांची मोठी झाकणं. पालकांना 'पोरगं शंभरपर्यंत म्हणतंय' याचं फार कौतुक असतं. पण शंभर म्हणणाऱ्या मुलाला "चार वाट्या आण" सांगितलं तर ते ओंजळीत मावतील तेवढ्या घेऊन येतं. पुठ्ठ्यावर सात झाकणं मांडली की वरची ओळ भरलेली आणि खाली दोन. सात म्हणजे पाच आणि दोन हे डोळ्यांना दिसतं. इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा आहे ती दहापर्यंतची संख्या नीट कळण्याची आणि पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता नुसत्या नजरेनं ओळखण्याची. शंभरपर्यंतचं पुढं आपोआप येतं.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि इथं मी अजिबात सूट देणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी वापरतात. वस्तू दाबल्याशिवाय त्यात पूर्ण मावली तर ती त्या वयाला धोक्याची. घरी टॉयलेट रोलची नळी घ्या. तिच्यातून आरपार जाईल ते लहान मुलाच्या हाती द्यायचं नाही. म्हणजे चिंचोके, सागरगोटे, मणी, लहान झाकणं मोठ्या गटालाच, आणि तेही समोर बसून. अंगणवाडीत धाकटी भावंडं कडेवरून येतात, हे विसरू नका. वाटाणा, हरभरा नाकात गेला की तिथंच फुगतो. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. कच्चा राजमाही विषारी. बटण सेल आणि लहान लोहचुंबक वर्गात नकोतच. काचेच्या बांगड्या नकोत. शेंगांची टरफलं आपल्याकडे मुबलक, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल निघू शकतं. तिकडे खाण्यातल्या ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, त्यांत शेंगदाण्यासोबत तीळ आणि मोहरीही आहेत. अंड्यांचे ट्रे वापरलेले घेऊ नका, कोरे मिळाले तरच घ्या. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आपण सगळ्यांनी केली आहे. आतलं भेंड पोरांना टोचाटोचीला उत्तम, मात्र वरची साल कापते, ती मोठ्यांनी सोलून टाकायची.

एक खंत मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे 'शैक्षणिक साहित्य' म्हटलं की थर्माकोल, चकचकीत कागद, टिकल्या आणि रात्र रात्र जागून केलेले तक्ते डोळ्यांसमोर येतात. भिंतीवर मोठ्या माणसाच्या उंचीवर लावलेले. तपासणीला कुणी येणार असलं की बाहेर काढायचे आणि नंतर 'पोरं फाडतील' म्हणून कपाटात. ज्या बायका ते करतात त्यांच्याकडे आधीच रजिस्टरं, पोषण ट्रॅकर ॲप, आहार, लसीकरणाचा दिवस, वजनं-उंच्या असं कामाचं डोंगराएवढं ओझं आहे. त्यांच्याकडून सजावट मागणं हा अन्याय आहे, आणि मुलांच्या हाताला त्यातलं काही लागत नाही हा दुसरा अन्याय. तीन वर्षांचं मूल उभं राहिलं की त्याचा हात पोचेल तिथं जे ठेवलंय, तेवढंच साहित्य. बुट्टीतल्या वाट्यांना कात्री, डिंक, रंग काही लागत नाही. फुटलं, मोडलं तर दुसरं घरातून येतं.

शनिवारी सामान धुऊन उन्हात टाकायचं, पोचा आलेल्या वाटीची कड बोटानं तपासायची, करवंटीला चीर गेली असेल तर काढून टाकायची. दर पंधरा दिवसांनी दोन वस्तू बदलायच्या, सगळ्या नाही. ओळखीचं काही राहिलं तर मूल नव्याकडे धीरानं जातं. वहिनीनं जूनमधल्या पालकसभेसाठी एक कागद तयार केलाय. प्रत्येक घरानं एकच वस्तू द्यायची : बिनधारेची वाटी, लाकडी चमचा, रवी, सोऱ्याची चकती, गाळणी, करवंटी किंवा हातभर जुना काठ. खाली ठळक अक्षरात लिहिलंय : 'नवीन आणू नये.'