कडूजार

एप्रिलमधली टळटळीत दुपार, समोर खाडी, टेबलावर घाम फुटलेला ग्लास. आत तांबूस सोनेरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडू बिअर, वर दाट फेस. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आतच पिणाऱ्याचं तोंड बदलतं. एक डोळा बारीक होतो, ओठ वाकडे होतात, आणि जीभ टाळ्याला घासून काहीतरी पुसून टाकायची धडपड सुरू होते. तळकोकणात वाढलेल्या माणसाला हे तोंड ओळखीचं असतं. वर्षातून एकदा, चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातल्या प्रत्येकाचं असंच होतं.

उटणं लावून झालेलं, केसांतलं तेल मानेवर ओघळतंय, अंगण गार, आणि तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट, ते कडू रानफळ. ‘गोविंदा, गोविंदा!’ आणि फट्. रस कपाळाला, थेंबभर जिभेला. लहान पोरं जीभ लावल्यासारखं करून हात मागे पुसतात, ते सगळ्यांना दिसतं आणि कुणीच बोलत नाही. मग आत पोह्यांची पंगत: गूळपोहे, दूधपोहे, दहीपोहे, तिखट पोहे. कारीट जिभेवर असताना गूळपोहे जितके गोड लागतात तितके एरवी कधीच लागत नाहीत. चांगली कडू बिअर बनवणाऱ्याला नेमकं हेच साधायचं असतं, आणि बहुतेकांची कारिटापाशीच दमछाक होते.

बिअरला कडू करतात ते हॉप्स. ही वेल आहे, नात्याने गांजाची बहीण. तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी असते. कडूपणाचा ऐवज तिच्यात, अल्फा आम्लांच्या रूपात. पण ही आम्लं पाण्यात धड विरघळत नाहीत. फूल गार पाण्यात रात्रभर घातलं तर काडेकिराइतासारखं सकाळी कडू पाणी मिळेल, ही आशा सोडावी. हॉप्स उकळावे लागतात. उकळताना रेणूची घडी बदलते, आयसो-अल्फा आम्ल तयार होतं, ते विरघळतं आणि तेच जिभेला झोंबतं.

किती झोंबतं, याचा हिशेब साधा आहे. लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल म्हणजे ढोबळमानाने एक आयबीयू, बिअरच्या कडूपणाचं माप. समजा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, २० लिटर गोड काढा आहे, पाण्याच्या तुलनेत घनता १.०६०, आणि १२ टक्के अल्फा असलेले ५० ग्रॅम हॉप्स. तासभर उकळले तर अल्फातला जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो आणि कडूपणा ६३च्या आसपास भरतो. तेच ५० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत टाकले, तर आकडा २३च्या आसपास अडकतो. पण संत्र्याच्या सालीचा, कच्च्या आंब्याचा, चिकाचा जो वास तासाभराच्या वाफेबरोबर उडून गेला असता, तो भांड्यात राहतो. तिरफळांचं गणित ज्या हाताला कळतं त्याला हे वेगळं शिकवायला नको. तिरफळं हलकी ठेचून आमटी उतरायच्या बेताला टाकायची, आतली काळी बी आधीच काढलेली. सुरुवातीपासून रटरटवली तर वास शेजाऱ्याच्या घरात जातो आणि आमटीत नुसता उग्रपणा उरतो.

आता आकड्यांच्या फुशारकीबद्दल. नेहमीच्या लागरमध्ये दहा ते वीस आयबीयू असतात. आयपीए चाळीस ते सत्तर. त्यापुढे डबल आयपीए, आणि मग ज्यांच्या डब्यावर कवटी किंवा ज्वाळा काढलेल्या असतात ते. डेन्मार्कच्या मिकेलरने तर बिअरचं नावच ‘१००० आयबीयू’ ठेवलं. पण आयसो-अल्फा आम्ल बिअरमध्ये शंभराच्या आसपास विरघळायचंच थांबतं. त्यापुढचे हॉप्स भांड्याच्या तळाशी, गाळात आणि बनवणाऱ्याच्या बिलात जातात. हजार हा कागदावरच्या गणिताचा आकडा. जीभही काही कमी नाही: कडू ओळखणारी पंचवीसेक प्रकारची ग्राहकं (रिसेप्टर) तिच्यावर आहेत, त्यांतली दोन-तीनच हॉप्सना ओ देतात, आणि ती एकदा भरली की ऐंशी काय आणि शंभर काय, तिला सारखंच. कडूजार म्हणजे कडूजार, त्याच्यापुढे मराठीत विशेषण नाही.

उलट १८४२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनमध्ये जन्मलेली पिल्सनर चाळिशीच्या घरात असूनही कडू म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण खाली माल्टची बैठक असते. साठ आयबीयूची बिअर आंबून १.०१० घनतेला थांबली, म्हणजे साखर कमी उरली, तर चाबूक, १.०२०ला थांबली तर कारल्याची गूळ घातलेली भाजी. ‘कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच’ ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी भाजी कुणीतरी घाईत करत असावं. चिरलेल्या कारल्याला मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि पिळा. पाण्याबरोबर थोडं कडू जातं हे खरं, पण मागे राहिलेलं मीठ जिभेवर सोडियमचं काम करतं: कडूपणाचा निरोप पोचायलाच देत नाही. म्हणून अशा बिअरबरोबर रव्यातले बोंबील किंवा खारवलेलं सुकट भाजून घ्यावं. मालवणी मसाल्याचं झणझणीत सुकं मात्र टाळावं. मद्यार्क, बुडबुडे आणि कडू हे तिघं मिळून तिखट आणखी भडकवतात, आणि मग माणूस आग विझवायला पुन्हा तोच ग्लास उचलतो.

घरी काढा पाजताना नाक दाबतात. आयपीए कशी आहे हे ठरवायचीही तीच युक्ती. एक घोट नाक दाबून घ्या: फळं, फुलं, सगळं गायब, फक्त कडू. आता नाक सोडा. वास परत आला आणि कडूने एक पाऊल मागे घेतलं, तर बिअर ताजी. काहीच परत आलं नाही, तर ती घाट उतरून उन्हातल्या टेम्पोतून आलेली आहे. वास आधी मरतो आणि कडूपणाचाही नूर बदलतो; स्वच्छ कडू जाऊन जिभेच्या मागे रेंगाळणारं, मळकट कडू उरतं. तपमान दहा अंशांनी वाढलं की हा ऱ्हास दुप्पट-तिप्पट वेगाने होतो, तेव्हा डब्यावर आधी तारीख पाहावी, चित्र मागाहून. काच पांढरी किंवा हिरवी असेल तर ऊन त्याच आयसो-अल्फा आम्लाला फोडतं आणि काही मिनिटांत मांजराने कोपरा धरल्यासारखा दर्प येतो. बिअरची बाटली बांधावर ठेवून सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांबद्दल यापलीकडे काही म्हणायचं नाही.

सगळं नकोसं म्हणजे कडूच, असंही नाही. माल्टमधली साखर उतरवायला धान्यावर ओततात ते पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा आम्लता कमी पडली की टरफलातलं टॅनिन उतरतं, ते तुरट. आणि थंड बिअरमध्ये लिटरमागे आठ-दहा ग्रॅम हॉप्स टाकून घाईने भरलेली गढूळ आयपीए घशाला धरते, ती खवखव, थेट सुरणाची. सुरणाला कोकम असतं, हिला आठवडाभर थंडीत निवांत बसू देणं हाच उपाय. गाळ खाली बसतो, घसा मोकळा होतो. इंग्रजीत या तिघांना पुष्कळदा एकाच शब्दात कोंबतात. आपल्याकडे कडू, कडसर, कडवट, तुरट, उग्र असे डबे वेगळे आहेत.

हे सारं जिथून आलं ती कथा मुंबईपर्यंत येते. लंडनच्या बो इथल्या हॉजसनच्या भट्टीतली पेल एल आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून महिनोन्महिने हेलकावे खात इकडे यायची. हॉप्स दुधाळ आंबवण करणाऱ्या जिवाणूंना दाबतात, म्हणून उष्ण मुलखासाठी ते सढळ हाताने घालत. नावात ‘इंडिया’ आली, पण वेल काही इकडे रुजली नाही. तिला कडक हिवाळा आणि लांबलचक उन्हाळी दिवस लागतात. हिमाचलात लाहौलला ती लागते. कोकणात लावली तर पावसाळ्यात पानंच पानं आणि बुरशी.

पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन गावाने लंडनला मागे टाकलं ते तिथल्या पाण्यामुळे. त्यात सल्फेट भरपूर, आणि सल्फेटने कडूला धार येते. जांभ्याच्या विहिरीचं पाणी याच्या उलट, हलकं, मऊ. त्यात हॉप्स बोथट लागतात. दहा लिटरला एक ग्रॅम जिप्सम घातलं की सल्फेट लिटरमागे ५६ मिलिग्रॅमने वाढतं, तीन-चार ग्रॅममध्ये काम होतं. पाण्यात काही नसेल तर घालता येतं. असलेलं सहजासहजी काढता येत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींना मे महिन्यात खारं लागतं, पंप जितका जास्त चालतो तितकं समुद्राचं पाणी आत सरकतं. त्यात मग बिअर राहू दे, तुरीची डाळसुद्धा शिजत नाही. दुपारी त्याच विहिरीवर हंडा बुडवून, ओंजळभर पाणी तोंडात धरून, कुणीतरी थुंकून टाकतं. तेही तोंड तसंच होतं.