61 सिग्नीची एक्स-रे सायकल काढताना आलेला अनुभव

सूर्याच्या डागांची सायकल 11 वर्षांची हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण साध्या प्रकाशात त्यामुळे पडणारा फरक जेमतेम 0.1 टक्का, आणि एक्स-रेमध्ये बघितलं तर मिनिममपेक्षा मॅक्सिममला सूर्य दहापट नाहीतर त्याहून जास्त चमकतो, कारण एक्स-रे येतात लाखो डिग्री तापलेल्या कोरोनातून, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणातून. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हीच गोष्ट मी दुसऱ्या ताऱ्यावर बघायचं ठरवलं. सरांनी सुचवला हंस तारकासमूहातला 61 सिग्नी ए. सूर्यापेक्षा थोडा लहान, थंड, नारिंगी, 11.4 प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी शेजारी. बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने 1838 मध्ये पॅरलॅक्सने (पृथ्वी फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून) अंतर मोजलं तो हाच!

डेटा एक्सएमएम-न्यूटन या एक्स-रे दुर्बिणीच्या उपग्रहाचा. ठराविक मुदत संपली की आर्काइव्ह सगळ्यांना खुलं, पुण्यात खोलीवर बसून फुकटात उतरवून घ्या. पण या उपग्रहाला सूर्याशी ठराविक कोन सांभाळावा लागतो त्यामुळे तारा वर्षातून दोनदाच नीट सापडतो, आणि तेव्हाही काही तासच बघतात. म्हणजे ताऱ्याची सात वर्षांची सायकल आणि हातात वर्षाला दोन ठिपके. एवढ्यावर काय सायकल काढणार असं कुणालाही वाटेल.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यात गेलेला वेळ सोडून देतो, लायनक्सवर ज्याने केलंय त्याला कळेल. खरी गंमत पुढे. हा तारा आकाशात वर्षाला पाच आर्कसेकंद (एका अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतो, त्यामुळे कॅटलॉगमधली 2000 सालची जागा घेऊन 2010 च्या इमेजवर ताऱ्याचे फोटॉन मोजायचा गोल काढला तर गोल रिकाम्या आकाशावर पडतो, आणि तीसेक आर्कसेकंदांवर जोडीदार 61 सिग्नी बी बसलेलाच असतो, त्याचे फोटॉन चुकून आत आले की झालं कल्याण. म्हणून प्रत्येक ऑब्झर्वेशनला गोल नव्याने बसवायचा, लहानच ठेवायचा. मग बॅकग्राउंड. अवकाशातले प्रोटॉन मधूनच डिटेक्टरवर झोडपून काढतात, ते ओळखायला 10 ते 12 केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) या पट्ट्याची लाइटकर्व्ह, म्हणजे वेळेनुसार काउंटचा आलेख, काढायची, कारण तिथे ताऱ्याचं काहीच नसतं, आणि उपग्रहावरच्या पीएन नावाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 0.4 काउंटच्या वर गेलेला वेळ सरळ कापायचा. काही फाइल्समध्ये निम्मा वेळ यातच गेला.

एवढं झाल्यावर उरतात ताऱ्याचे स्वतःचे फ्लेअर, म्हणजे अचानक होणारे भडके, आणि माझ्या मते सगळं काम इथेच आहे. फ्लेअर धरून सरासरी काढणं म्हणजे धरणाचं गेट उघडल्याच्या दिवशी मुठेचं पाणी मोजून नदी वर्षभर अशीच वाहते म्हणण्यासारखं. पण कुठून कुठपर्यंत फ्लेअर आणि कुठे तारा फिरताना नुसता ॲक्टिव्ह (जास्त चमकणारा) पट्टा समोर आलाय हे कोण ठरवणार? ताऱ्याचं एक फिरणं महिन्याभराहून जास्त, आपलं बघणं दोन-तीन तास. मी एकच नियम ठरवला आणि सगळ्या वर्षांना तोच लावला, सोयीचा ठिपका ठेवायचा नि गैरसोयीचा उडवायचा हे नाही. मग एक्सस्पेक या स्पेक्ट्रम तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तापमानांचं मॉडेल बसवून तेजस्विता काढली.

ग्राफ आला तर चढउतार दोन-तीन पटीचाच, सूर्यापेक्षा बराच कमी, पण दिसतो. खरा विश्वास बसला तो कॅल्शियमच्या नोंदींशी जुळवल्यावर. माउंट विल्सन वेधशाळेत ऑलिन विल्सनने 1966 पासून ताऱ्यांच्या प्रकाशातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषा मोजायला घेतल्या, तारा जास्त ॲक्टिव्ह असला की या रेषा जास्त उजळतात, त्यात या ताऱ्याची सायकल साधारण 7.3 वर्षांची निघाली, आणि एक्स-रेचे चढउतार तिच्याच तालात जातात. नुसत्या एक्स-रेच्या ठिपक्यांवर मी छातीठोकपणे सायकल म्हटलं नसतं.

ज्यांना प्रोजेक्टच्या मुदतीत जास्त फेऱ्या बघायच्यात त्यांनी आयोटा होरोलॉजी हा तारा घ्या, त्याची सायकल 1.6 वर्षांची आहे, फक्त तो तरुण आणि जास्त तापट तारा, फ्लेअरचा नियम आधी ठरवून मगच फाइल उघडा.