सिटी हॉल स्थानक: पैसे कुठे मोजावेत, कुठे मोजू नयेत

न्यूयॉर्कच्या सिटी हॉलखालचे सब-वेचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, बंद स्थानक दाखवतो, असे सांगून कोणी पैसे मागितले तर आधी एकच गोष्ट विचारून घ्यावी: फलाटावर उतरू देणार का? आम्ही ज्या सहल कंपनीकडे नोंदणी केली तिच्या जाहिरातीत कमानी आणि झुंबरांची छायाचित्रे होती. प्रत्यक्षात आम्हाला ६ क्रमांकाच्या गाडीत बसवण्यात आले, ब्रुकलिन ब्रिज या डाउनटाउनकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, शेवटच्या थांब्यावर न उतरण्याची सूचना झाली, आणि बंद स्थानक ज्यावर आहे त्या परतीच्या वळणावरून गाडी फिरून आली तसा तो भाग आटोपला. सब-वेच्या साध्या तिकिटात कोणालाही जे पाहता येते त्यासाठी कितीतरी पट रक्कम उकळणे ही शुद्ध लूट आहे.

ही फेरी स्वतःच करावी आणि माफक अपेक्षेने करावी. फलाट गाडीच्या उजव्या हाताला येतो. डब्यातल्या दिव्यांमुळे काचेत आपलाच चेहरा दिसतो, म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा करून कपाळ काचेला टेकवावे लागते. वळणावर चाके कर्कश करकरतात, अंधारातून एखादी कमान, टाइल्सची हिरवी कड आणि जिन्याचे तोंड सरकून जाते, आणि नीट पाहावे म्हणेपर्यंत गाडी ब्रुकलिन ब्रिजच्या अपटाउनच्या, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या, फलाटाला लागलेली असते. भर दुपारी गेल्यास छतातल्या काचांमधून थोडा उजेड उतरतो. रात्री जाणे व्यर्थ आहे. कर्मचाऱ्यांनी उतरायला सांगितले तर वाद न घालता उतरावे.

खिडकीतून जे मुळीच कळत नाही ते म्हणजे हे स्थानक संपूर्णपणे वळणावर बांधलेले आहे, आणि त्याचे सौंदर्य व त्याचा अंत दोन्ही त्या वळणातूनच आले. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी शहराचा पहिला सब-वे येथूनच सुटला. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी गाडीचे हँडल हाती घेतले आणि १०३व्या स्ट्रीटपर्यंत सोडले नाही. वास्तुविशारद हाइन्स आणि लाफार्ज यांनी इतर स्थानकांतले सपाट छत आणि लोखंडी खांबांच्या रांगा येथे टाळल्या आणि राफाएल ग्वास्ताविनो या बांधकामतज्ज्ञांच्या पद्धतीच्या कमानी उभारल्या, ज्यांत पातळ टाइल्सचे थर लवकर घट्ट होणाऱ्या मसाल्यात एकावर एक बसवलेले असतात. वळणाबरोबर एकामागून एक कमान फिरत जाते, त्यामुळे फलाटाच्या एका टोकाहून दुसरे टोक दिसत नाही. पण पुढे गाड्या लांब झाल्या, डब्यांना मधोमध दारे आली, आणि वाकड्या फलाटावर त्या मधल्या दारांपुढे धोकादायक फट पडू लागली. शेजारच्या ब्रुकलिन ब्रिज स्थानकावर एक्सप्रेस गाड्या थांबत असल्याने येथे प्रवासीही फार नव्हते. एवढ्यासाठी फलाट वाढवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. ३१ डिसेंबर १९४५ रोजी स्थानक बंद झाले.

पैसे मोजायचेच असतील तर ते न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम या वाहतूक संग्रहालयाच्या, याच स्थानकात नेणाऱ्या दौऱ्यासाठी मोजावेत. तो सदस्यांपुरता असतो, सदस्यत्वाचे पैसे वेगळे आणि दौऱ्याचे वेगळे भरावे लागतात, आणि तिकिटे विक्रीस येताच संपतात. म्हणून प्रवासाच्या तारखा ठरवण्याआधी दौऱ्याच्या तारखा पाहाव्यात. खर्च मोठा आहे, तरीही माझ्या मते तो पूर्ण वसूल होतो. आम्ही नंतर या दौऱ्याला गेलो तेव्हा, ज्या मंडपात पूर्वी तिकिटे मिळत, तेथे उभे राहून वर पाहिले आणि कंपनीवरचा सगळा राग तेवढ्यापुरता मावळला. जिने चढण्याची तयारी हवी. ब्रुकलिनमध्ये १९३६ सालच्या जुन्या स्थानकात भरलेले मूळ संग्रहालय उत्तम आहे, तेथे कोणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही.

दौऱ्याचे तिकीट हुकले तर त्याच ६ क्रमांकाच्या गाडीने ग्रँड सेंट्रल या मोठ्या रेल्वे स्थानकावर उतरावे. तेथे तळघरातल्या ऑयस्टर बार या उपाहारगृहाबाहेरच्या उतरणीवर ग्वास्ताविनोंच्याच पद्धतीची कमान डोक्यावर येते, तिच्या टाइल्सची तिरकी वीण हवा तितका वेळ न्याहाळता येते, आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.