उन्हात वाचता येणारी स्क्रीन

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरहून पुण्याला निघालो आणि उजव्या बाजूची खिडकी मिळाली, की कुर्डुवाडीपर्यंत ऊन थेट मांडीवर येते. मोबाइलवर वाचत होतो तेव्हा मी स्क्रीनचा प्रकाश पूर्ण वाढवत असे, तरीही अक्षरांपेक्षा स्वतःचा चेहराच अधिक दिसे आणि थोड्या वेळाने फोन तापू लागे. त्याच उन्हात ई-रीडरवरची, म्हणजे खास पुस्तके वाचण्यासाठीच्या उपकरणावरची, अक्षरे उलट अधिक ठळक होतात. आमच्या गावात वर्षातले निदान चार महिने ऊन असे असते, की गच्चीवर किंवा प्रवासात वाचणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटणार नाही.

याचे कारण स्क्रीनच्या रचनेत आहे. ई-रीडरच्या स्क्रीनमधल्या ई-इंकच्या (इलेक्ट्रॉनिक शाईच्या) थरात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभार असलेले काळे व पांढरे कण तरंगत असतात, आणि विजेच्या इशाऱ्याने त्यांतले एका रंगाचे कण वर येतात. ते एकदा वर आले की वीज लागत नाही, ती फक्त पान उलटताना खर्च होते. म्हणूनच एका चार्जिंगवर कित्येक आठवडे निघतात. बाहेरचा प्रकाश कागदावरून परततो तसाच या थरावरून परततो.

मराठी वाचकाने एक सेटिंग मात्र आवर्जून बदलावे. 6 इंची स्क्रीनवर अक्षर मोठे केले, की ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यासारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्द अर्धी ओळ व्यापतो, आणि दोन्ही कडा सरळ राखण्याच्या प्रयत्नात उरलेल्या शब्दांमध्ये एवढ्या मोठ्या फटी पडतात की वाक्याची लय तुटते. उजवी कड मोकळी सोडली की ती लय परत येते. इतक्या साध्या बदलाने मला जाड पुस्तके पुन्हा सलग वाचता येऊ लागली.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफपुढे मात्र ई-रीडर हात टेकतो. महाराष्ट्र शब्दकोशाच्या पानावरचे बारीक स्तंभ त्याच्यावर वाचवत नाहीत, आणि मोठे करून सरकवू लागलो तर प्रत्येक वेळी चित्र नव्याने उमटेपर्यंत थांबावे लागते. त्या कामासाठी 10 इंची टॅब्लेटच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइल मी बातम्यांपुरता ठेवला आहे.

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली तेव्हा, मी तिच्या हाती ई-रीडर दिला. पानावर जेमतेम नऊ ओळी बसतील एवढे अक्षर तिने स्वतःच वाढवून घेतले. पान उलटताना स्क्रीन क्षणभर काळी होते आणि कधी मागच्या पानाची पुसट छाया राहते, याचा तिला सुरुवातीला त्रास झाला. चार दिवसांनी म्हणाली, “मोबाइल वाचताना कुणी डोळ्यांवर बॅटरी मारतंय असं वाटायचं. यात तसं नाही रे.” तेव्हापासून तो दिवसभर तिच्या उशाशी असतो, आणि पुण्याला जायचे असले की मी तो आदल्या रात्री तिच्याकडून मागून घेतो.