गुरुवारची वीज आणि सहा नळ्या गाळ

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे ठरलेलंच. मे महिन्यातल्या त्या गुरुवारी इंदापूरकडच्या एका मत्स्यतळ्यातला गाळ आमच्या प्रयोगशाळेत सहा नळ्यांत मांडलेला होता. अ‍ॅक्रिलिकची नळी, व्यास 15 सेंमी, खाली 15 सेंमी गाळ, वर 20 सेंमी पाणी आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन. तीन नळ्यांत लॅमेलिडेन्स या प्रजातीतला गोड्या पाण्यातला एकेक शिंपला, तीन नुसत्या गाळाच्या. दुपारी दोनला इन्व्हर्टरही बसला. बुडबुडे थांबले ते सातपर्यंत.

प्रयोगाचा तो बारावा दिवस. शिंपले गाळ साफ करतात असं सगळे म्हणतात, पण पहिल्या आठवड्यात त्यांच्याच नळ्यांत अमोनिया जास्त होता. शिंपला स्वतः अमोनिया सोडतो, शिवाय पाय रोवून सरकताना गाळात अडकलेलं अमोनियायुक्त पाणी वर ढकलतो. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला, नायट्रेट दिसू लागलं. नायट्रीकरण करणारे, म्हणजे ऑक्सिजन वापरून अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात, तेवढा वेळ त्यांना द्यावाच लागतो. फरक नळीबाहेरूनही दिसायचा. नुसत्या गाळात वर दोन-तीन मिलिमीटर तपकिरी, खाली एकदम काळं. शिंपल्याच्या कडेने मात्र तो तपकिरी रंग बोटभर खाली उतरलेला. तिथवर ऑक्सिजन पोचतो आणि तिथलं गंजलेलं लोह फॉस्फेटला धरून ठेवतं.

रात्री आठला सहाही नळ्यांचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून अमोनिया मोजणारी सॅलिसिलेटची चाचणी लावली आणि तासभर थांबलो. यात रंग जितका हिरवा-निळा, तितका अमोनिया जास्त. शिंपल्यांच्या तिन्ही कुप्या बाकीच्यांपेक्षा हिरव्या-निळ्या, आणि एक तर इतकी गडद की पाणी पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. ऑक्सिजन संपला की नायट्रीकरण थांबतं, अमोनिया सुटणं थांबत नाही.

गडद कुपीच्या नळीतला शिंपला बोटभर उघडा होता. काचेच्या कांडीने मांसाला स्पर्श केला, शिंपा मिटला नाही. पाण्याला कुजका वास. ते आकडे आम्ही सरासरीत धरले नाहीत, वेगळे नोंदवले. मेलेल्या शिंपल्याचा अमोनिया जिवंताच्या खात्यात घालणं चूकच.

तळ्याच्या मालकांनी फोनवर विचारलं, "मग शिंपले किती सोडू?" नळीत एक म्हणजे चौरस मीटरला जवळपास 57, एवढी दाटी तळ्यात नको, असं सांगितलं. "आणि काका, पहाटे चारला, ऑक्सिजन सर्वांत कमी असताना, तळाशी तो किती असतो, ते आधी आठवडाभर मोजा."