ट्रान्ससाठी कीबोर्ड घ्यायला गेलो तर

जळगावात कीबोर्ड म्हटलं की लोकांना लग्नातला बँडच आठवतो, त्यामुळे ट्रान्स, म्हणजे ते डान्सवालं इलेक्ट्रॉनिक संगीत, करायचंय म्हटल्यावर दुकानदाराने पहिले ढोलकीचा रिदमच लावला, "भो, हे ऐक ना, नंबर एक!" आता त्याला काय सांगू.

मला पाहिजे होता सुपरसॉ, म्हणजे रोलँड कंपनीच्या जेपी-८००० कीबोर्डने गाजवलेला तो रुंद आवाज, सात सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या ध्वनिलहरी) जराजरा बेसूर करून एकावर एक चढवलेल्या. कॉर्ग क्रॉस २ वर लई दिवस जीव अडकला होता, कारण तो सहा पेन्सिल सेलवर पण चालतो आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा काय भरोसा! यामाहाच्या मोडएक्सचे पॅड, म्हणजे लांब पसरणारे मऊ आवाज, ते पण गोड. पण शेवटी सेकंडहँड रोलँड एफए-०६ घेतला, सुपरसॉ आतच आहे आणि १६ ट्रॅकचा सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेलं थरावर थर साठवायची सोय, त्यामुळे कॉम्प्युटर न लावता अख्खं गाणं उभं राहतं.

रात्री १३८ बीपीएम (मिनिटाला १३८ ठोके) लावून एक कॉर्ड धरली, कटऑफ, म्हणजे आवाजातली वरची धार अडवणारा फिल्टर, हळूहळू उघडत नेला, आवाज आधी गोधडीखालून आल्यासारखा आणि मग एकदम मोकळा, अंगावर काटा. तेवढ्यात आतून माय ओरडली, "काय भुंगा सोडी दिना रे!"